डाव्या हाताकडचा चिखल

रविवारी आधी गाडीची आंघोळ, मग यांची. आमच्या वारज्याच्या वस्तीत नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ असतं. पिण्याचं भरून झालं, पिंप भरलं, की शेवटच्या दोन बादल्या गाडीच्या. नळ लवकर गेला तर घरातली धुणी राहायची, पण त्या बादल्यांना हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियमच होता. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. त्या गाडीवरच आमचं घर चालत होतं.

हे एका लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करायचे. सदाशिव पेठेतल्या बोळाबोळांत लहान दवाखाने आहेत. तिथे सकाळी लोकांचं रक्त काढून ठेवतात. त्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालायच्या आणि दुपारपर्यंत लॅबमध्ये पोचवायच्या. काम देताना लॅबच्या साहेबांनी एकच विचारलं होतं, गाडी आहे का आणि चालवता येते का. हे तरुणपणी गॅरेजमध्ये होते. गाडी उघडून पुन्हा जोडता येते, असं यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, जोडायची नाही, चालवायची आहे.

गाडी काळी, जुनी, पण कुणाला जुनी वाटायची नाही. धुण्याची यांची पद्धत ठरलेली. आधी सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा. मग गाडी डबल स्टँडवर घ्यायची. खालून वर भिजवायची आणि वरून खाली धुवायची, असं हे म्हणायचे. चिखल आधी नरम पडू द्यायचा, सुका चिखल घासला की रंगावर ओरखडे येतात. मग शाम्पूचा फेस, टाकीला जुना बनियन, चाकाच्या आऱ्यांना दात घासायचा जुना ब्रश. पाणी निथळलं की चेन. चेनला डिझेलचा फडका लावून काळं वंगण काढायचं, मागचं चाक हाताने फिरवत नवं तेल सोडायचं, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. तेल उडून टायरला लागलं तर वळणावर गाडी सटकते. शेवटी गाडी चालू करून गल्लीत एक फेरी, ब्रेक दाबत दाबत, म्हणजे आतलं पाणी सुकतं. मी उंबऱ्यात बसून हवं ते हातात द्यायची. कुठल्या नटाला कोणता पाना, हे मला पाठ झालं होतं.

आम्ही बौद्ध. आमच्यात गाडीला हार-कुंकू नाही. दसऱ्याला गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार असायचे आणि आमची नुसती धुतलेली, तरी सगळ्यांत लख्ख तीच दिसायची. समोरच्या वहिनी म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या गाडीत बघून मी टिकली लावून घेते." हे म्हणायचे, "लावा, पण टाकीला चिकटवून जाऊ नका."

पहिल्यांदा मला दिसलं ते एका रविवारी. हे गाडी धुऊन आंघोळीला गेले होते आणि मी बादल्या उचलायला बाहेर आले. पुढच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेला चिखल तसाच होता. थोडाथोडका नाही, हाताच्या पंजाएवढा, फेससुद्धा न लागलेला. मला वाटलं घाई झाली असेल. पदराच्या टोकाने काढून टाकला. हे बाहेर आले आणि गाडीकडे समाधानाने बघून कामाला लागले.

पुढच्या रविवारी पुन्हा. गाडीच्या या बाजूला पुढच्या चाकावर, आणि पलीकडच्या बाजूला मागच्या चाकावर. दोन बाजूंना दोन वेगळ्या जागा, म्हणून मला उलगडा होईना. मग मी एकदा नीट बघत बसले. हे गाडीच्या मधोमध उकिडवे बसायचे आणि हात चालवायचे. या बाजूला बसले की डाव्या हाताला पुढचं चाक येतं. पलीकडे जाऊन बसले की डाव्या हाताला मागचं. जे डाव्या हाताला ते राहायचं. ज्या माणसाने आयुष्यभर आऱ्यांच्या बुडातली माती ब्रशने काढली, त्याच्या डोळ्यासमोर चिखल होता आणि हात तिकडे जात नव्हता.

तेव्हापासून हे आंघोळीला गेले की मी राहिलेलं धुऊन टाकायची. यांना कळू दिलं नाही. गल्लीत कुणाला दिसावं असंही मला वाटत नव्हतं. पण गाडी तर रस्त्यावर जात होती. मी दोन घरी पोळ्या करते. पोळ्या लाटताना माझं लक्ष फोनकडे असायचं. फोन वाजला की पोळी तव्यावर तशीच राहायची.

मग ऐन पावसाळ्यात गाडीचा डावा आरसा फुटून आला. हे म्हणाले, कुणीतरी पार्किंगमध्ये धक्का दिला. थोड्या दिवसांनी डाव्या बाजूचा इंडिकेटर तुटला. त्यानंतर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डब्याला घासून डाव्या पायाची नडगी सोलली गेली. समोरच्या वहिनी हळद घेऊन आल्या. हळद लावता लावता म्हणाल्या, "मी म्हणते एक लिंबू आणि चार मिरच्या बांधायला काय हरकत आहे? तुमच्यात चालत नाही ते माहीत आहे हो मला. पण लिंबाला कुठं धर्म असतो?"

हे म्हणाले, "वहिनी, लिंबू घरी न्या आणि पोह्यांवर पिळा. त्या दिवशी पोहे फार कोरडे होते."

वहिनी हसल्या. मीही हसले. पण यांच्या नडगीवरची हळद मला दिसत होती, आणि तो विजेचा डबा तिथे आम्ही राहायला आल्यापासून आहे हेही मला माहीत होतं.

आमची मुलगी चिंचवडला दिली आहे. तिला मी फोनवर सांगितलं. ती एका सकाळी आली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, चष्म्याचा नंबर वाढला असेल, चला." चष्मा म्हटल्यावर हे तयार झाले. डोळ्यांच्या दवाखान्यात मी बरोबर गेले. मुलगी रिक्षाने येते म्हणाली, आम्ही गाडीवर.

तिथे यांना एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. हनुवटी एका यंत्रावर, हातात एक बटण. आतली मुलगी म्हणाली, "काका, समोरच बघायचं. कुठेही बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं." मी दाराशी बाकावर होते. बटणाचा आवाज येत होता, टक, टक. मग बराच वेळ काही नाही. मग एक टक. पुन्हा काही नाही. मधेच ती मुलगी म्हणाली, "काका, झोप लागली का?" हे म्हणाले, "नाही, तुम्ही सुरू करा की." यंत्र चालूच होतं.

डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, बोलायला चांगल्या. म्हणाल्या, काचबिंदू आहे, मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू काढता येतो, यात जे गेलं ते परत येत नाही. थेंब रोज घातले तर उरलेलं टिकेल. मुलीने विचारलं, मग पप्पांना इतके दिवस कळलं कसं नाही? डॉक्टर म्हणाल्या, कारण अंधार दिसत नाही. जिथलं गेलं तिथे काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. आजूबाजूचं बघून डोकं ती जागा भरून टाकतं. रस्ता मोकळा वाटतो.

मग त्यांनी विचारलं, "काका, गाडी चालवता?"

"नाही," हे म्हणाले.

हेल्मेट माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून शिकलेल्या माणसांसमोर मला बोलायला जमत नाही. मी मान खाली घातली. मुलगी काही बोलायला गेली तर यांनी तिचा हात दाबला. डॉक्टर म्हणाल्या, "चालवत असाल तर आजपासून बंद करा."

येताना आम्ही गाडीवरच आलो.

मुलगी घरी थांबून भांडली. म्हणाली, कुणाचा तरी जीव जाईल. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझ्या घरी येऊन राहू का? चालेल तुझ्या सासूला?" ती रडत निघून गेली. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती. यांना काही होईल ही भीती होतीच, त्याहून मोठी भीती दुसऱ्या कुणाला होईल याची होती. पेठेतल्या बोळांत शाळेची पोरं असतात, म्हातारी माणसं असतात. त्यांच्यातलं कुणी यांच्या डाव्या हाताला आलं तर यांना रस्ता मोकळाच दिसणार होता.

सोमवारी सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी प्लगपाना घेतला. प्लगची टोपी ओढून काढली, पाना लावून प्लग सैल करून काढला आणि फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसला. टोपी होती तशी परत अडकवून ठेवली. गाडी चालू होणार नाही, हे आज घरी राहतील, एवढंच मला सुचलं होतं. उद्याचं सुचलं नव्हतं.

यांनी एकदाच किक मारली. दुसरी मारलीच नाही. प्लग नसला की किक पायाला हलकी लागते, खाली सरळ निघून जाते. ते मला माहीत नव्हतं, यांच्या पायाला माहीत होतं. वाकले, न बघताच टोपी उचलली, बोट भोकापर्यंत नेलं आणि तसेच थोडा वेळ वाकून राहिले. मग आत आले, हत्यारांच्या पेटीतून जुना घासून ठेवलेला प्लग काढला, बाहेर जाऊन हातानेच आटे धरून बसवला.

परत आत येऊन म्हणाले, "कशात ठेवलास?"

"तांदळात."

"वंगण लागलं असेल. धुऊन घे ते तांदूळ."

हे पाटावर बसले. म्हणाले, "तुला वाटतं मी कुणाला तरी उडवीन."

मी भांडी लावत राहिले.

"गाडी नाही तर काम नाही. आणि काम नाही तर मी काय करू? तू बाहेर पोळ्या लाटायच्या आणि मी इथे बसून तुझी वाट बघू?" मग अगदी वेगळ्या आवाजात, "डबे आता वाढलेत. एका हाताने होत नाही. तुझं दुसरं घर सोड आणि माझ्याबरोबर येत जा. डबा धरायला."

डबा गाडीला मागे बांधता येतो, हे दोघांनाही माहीत होतं. पण यांच्या तोंडून मदत याच शब्दांत आली, आणि मी ती याच शब्दांत घेतली. दुसरं घर सोडलं.

असं आमचं सुरू झालं. मी साडी नेसते. गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसते, सगळ्या बायका बसतात तसं. म्हणजे माझं तोंड डावीकडे. मांडीवर बर्फाचा डबा, एक हात यांच्या खांद्यावर. डावीकडून काही आलं की मी डाव्या खांद्यावर थापटायची. एकदा थापटलं की हळू. दोनदा थापटलं की थांबा. हे आम्ही कधी ठरवलं नाही, बोललो नाही, पहिल्याच दिवशी कर्वे रोडवर एक पीएमटीची बस अंगावर आली तेव्हा माझा हात आपोआप बसला आणि यांनी ब्रेक दाबला. तेव्हापासून तेच. मला रस्त्यात ओरडता आलं नसतं. थापटणं जमलं.

मुलीला कळल्यावर ती म्हणाली, "आई, एवढं करतेच आहेस तर ड्रेस घाल आणि दोन्हीकडे पाय टाकून बस. दोन्हीकडचं दिसेल." मी म्हणाले, या वयात? लोक काय म्हणतील? तिने कपाळाला हात लावला. पण मला खरंच वाटत होतं की गरज डावीकडचीच आहे. डावा डोळा जास्त गेलाय, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. उजवीकडचं हे बघत होते.

दवाखान्यांतल्या बायका आम्हाला हसायच्या. एका दवाखान्यातली रिसेप्शनवरची ताई म्हणायची, "काय काका, आता जोडीनं? सत्यनारायणाला बसल्यासारखे येताय."

हे म्हणायचे, "प्रसाद इथेच घेतो. काढा नळ्या."

मला तिच्याकडे वर बघायला लाज वाटायची. डबा पुढे करायचा, झाकण उघडायचं, बंद करायचं. पण एक सांगायला हवं, त्या काही महिन्यांत आम्ही जेवढे जवळ होतो तेवढे कधीच नव्हतो. माझा हात दिवसभर यांच्या खांद्यावर. दुपारी लॅबच्या बाहेर झाडाखाली जेवणाचा डबा सोडून भाकरी खायची. रविवारी मी आता यांच्या शेजारी बसूनच गाडी धुवायची. डावीकडचं मी, उजवीकडचं हे. यांनी विचारलं नाही की तू का बसलीस. नुसता ब्रश माझ्या हातात दिला.

त्या दिवशी आम्ही पेठेतल्या एका एकेरी बोळात होतो. दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट. हे सावकाश चालवत होते. डावीकडे एक रिक्षा तोंड काढून उभी होती, मी एकदा थापटलं, यांनी वेग कमी केला. रिक्षा मागे पडली. आणि तेवढ्यात गाडीला एक मऊ धक्का बसला. मऊच होता तो. मी घसरून पायांवर उतरले, डबा हातातच राहिला. वळून पाहिलं तर उजव्या अंगाला एक आजोबा रस्त्यावर बसले होते. पांढरा लेंगा, हातात दुधाची पिशवी, ती फुटून दूध दगडांमधून वाहत होतं. त्यांचा एक हात मनगटापाशी विचित्र वळला होता. ते ओरडले नाहीत. चष्मा चाचपत होते.

माणसं जमली. कोपऱ्यावरचे दुकानदार, क्लासला जाणारी दोन-चार मुलं. कुणीतरी यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली.

हे म्हणाले, "आजोबा मध्येच आले हो. दोन स्कूटरच्या मधून. मी काय करणार?"

यांचा आवाज खोटा नव्हता. यांच्यासाठी ते खरंच होतं. मोकळ्या रस्त्यात एकदम एक माणूस उगवला होता.

दुकानदार आजोबांना उठवता उठवता म्हणाले, "नाना, यांची चूक नाही. तुम्ही बघतच नाही. परवा त्या टेम्पोखाली गेला असतात. किती वेळा सांगायचं, दूध मी पोचवतो म्हणून?" आणि जमलेल्या मुलांना म्हणाले, "रोजचं आहे यांचं."

मुलांपैकी एक जण म्हणाला, "काका तर एकदम स्लो होते. मी पाहिलं."

आजोबांनी सगळ्यांकडे पाहिलं. तोंड एवढंसं झालं होतं. म्हणाले, "असेल. माझंच चुकलं असेल. हल्ली अंदाज येत नाही मला. मला वाटलं मी बघून निघालो." मग दुकानदाराचा शर्ट धरून हळूच, "सूनबाईला यातलं सांगू नका हो. पडलो म्हणून सांगा. नाहीतर माझं खाली उतरणंच बंद होईल."

कुणीतरी किल्ली यांच्या हातात परत दिली. दुकानदार म्हणाले, "जा तुम्ही. उगीच तुम्हाला त्रास." यांनी किल्ली लावली, माझ्याकडे बघून मान हलवली, बस म्हणून.

मी बसले असते तर तिथेच मिटलं असतं. आजोबा घरात बसले असते, आणि हे उद्या पुन्हा त्याच बोळातून गेले असते. मला ते सगळं एकदम दिसलं. एवढ्या लोकांत माझ्या तोंडून कधी शब्द निघाला नव्हता.

"आजोबांची चूक नाही," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "आजोबा बघूनच निघाले. यांना दिसत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती."

सगळे माझ्याकडे वळले. हे वळले नाहीत. हे हँडल धरून समोर बघत उभे राहिले, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

दुकानदार म्हणाले, "दिसत नाही? आणि तुम्ही मागे बसता?"

"हो," मी म्हणाले.

आजोबांना समोरच्याच दवाखान्यात नेलं, जिथली ताई आम्हाला हसायची. तिने काही विचारलं नाही, पाणी दिलं. मनगट मोडलं होतं. सूनबाई घरून धावत आल्या. सासऱ्यांचा हात बघून म्हणाल्या, "बास झालं आता, बाबा. उद्यापासून दार बंद." मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. मी म्हणाले, त्यांना घरात बंद करू नका, ते बघून निघाले होते. सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हाला पोलिसात द्यायला पाहिजे." आजोबा पलंगावरून म्हणाले, "राहू दे गं. त्या बाईने सांगितलं नसतं तर तू मलाच दिलं असतंस." सूनबाई आम्हाला बसाही म्हणाल्या नाहीत.

लॅबला फोन करून डबा न्यायला माणूस बोलावला. बातमी त्याच्याआधी पोचली होती. त्याने डबा घेतला आणि यांच्याकडे न बघता म्हणाला, "काका, साहेब म्हणालेत उद्या येऊ नका. लागलं तर फोन करतील." फोन येणार नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

गाडी तिथे ठेवता येत नव्हती. रस्त्यावर सोडली तर उचलून नेतात. मला चालवता येत नाही. यांनी हँडल धरलं आणि गाडी ढकलत निघाले. मी मागे सीटला हात लावून. पेठेतून म्हात्रे पुलापर्यंत तसेच आलो. पुलावर एक जेवणाचे डबे पोचवणारा मुलगा शेजारी आला, म्हणाला, "काका, पेट्रोल संपलं का? बसा, पायाने ढकलतो पंपापर्यंत."

हे म्हणाले, "हो, संपलं. नको, जवळच आहे घर."

घर जवळ नव्हतं. संध्याकाळ होत आली होती. कर्वेनगरच्या पुढे वर्दळ वाढली, हॉर्न वाजवत लोक बाजूने जात होते. एक माणूस ओरडून गेला, "बाईला कशाला राबवताय?" माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी चपला हातात घेतल्या. मला वाटत होतं हे माझ्यावर चिडले आहेत. घरी गेल्यावर बोलतील, किंवा कधीच बोलणार नाहीत. मी आतल्या आत सांगायचं जुळवत होते, की मला दुसरं काही करता आलं नसतं.

वारज्याचा चढ लागायच्या आधी हे थांबले. मला वाटलं दम लागला. गाडी स्टँडवर लावली नाही, नुसती अंगावर तोलून धरली. तोंड पुढेच ठेवून म्हणाले, "उजवीकडचंही बरेच दिवस झाले गेलंय."

मी मागून गाडी धरली.

"दिवाळीच्या आधीपासून. समोर तेवढं राहिलंय. नळीतून बघितल्यासारखं." थोडं थांबून म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मागे बसली नसतीस."

दिवाळी होऊन किती दिवस झाले होते. रोज मी मागे बसले होते, मांडीवर लोकांचं रक्त घेऊन, डावीकडे तोंड करून. उजवीकडे कुणीच नव्हतं. यांच्या पाठीकडे बघत मी उभी राहिले, घामाने शर्ट चिकटला होता. बोलायचं जुळवलेलं सगळं निघून गेलं.

मागून बसने हॉर्न दिला. आम्ही दोघेही दचकलो, हे चुकीच्या बाजूला सरकले. मी पुढे जाऊन यांचा दंड धरला आणि फुटपाथच्या कडेला घेतलं. मग पुन्हा मागे आले, दोन्ही हात सीटला लावले, आणि चढाला जोर लावला.